निळं साटीन आणि आत्या

आज पैठणला आत्याकडे गेले होते. तिचं सगळं आयुष्य पैठणीच्या मागावर गेलंय. चहा होईपर्यंत तिला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. अँग्र या फ्रेंच चित्रकारानं १८५१ ते १८५३ मध्ये रंगवलेली ब्रोय घराण्याची प्रिन्सेस पोलिन. मूळ तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. निळ्या साटीनचा झगा, पिवळ्या खुर्चीच्या पाठीवर टेकवलेले हात, मनगटात मोती, वर कोपऱ्यात घराण्याचं मानचिन्ह. एकूण थाट मोठा, चेहरा मात्र बुजरा.

आत्यानं चेहरा पाहिलाच नाही. चित्र मोठं करून थेट झग्याच्या चुण्यांवर गेली.

"रंगानं काढलंय म्हणतीस? लई इमानदारीनं केलंय बघ. उजेड कुठून पडतोय ते घडीघडीला कळतंय."

मग हातांवर अडली. "हे हात बिनहाडाचे हायेत काय गं?"

(अँग्रच्या टीकाकारांची तक्रार साधारण हीच होती. आत्यानं ती एका मिनिटात केली.)

पोलिन १८६० मध्ये क्षयानं गेली, जेमतेम पस्तिशीची. नवऱ्यानं हे चित्र पुढे पडद्याआड ठेवलं, हे सांगितलं तर आत्या म्हणाली, "बरं, मग एवढ्या भारी झग्याचं काय केलं त्यानं?"