बकऱ्यांच्या गोठ्यात मोजमाप बसवताना

काटोल रस्त्यानं फेटरीच्या पुढे आमचा दुधाच्या बकऱ्यांचा गोठा आहे. आपल्या विदर्भातल्या बेरारी बकऱ्या आधीपासूनच्या, नंतर दुधासाठी सिरोही आणि बीटल आणल्या. दूध नागपुरात घरोघरी जातं. डेंग्यूच्या दिवसांत मागणी एकदम वाढते, कारण बकरीच्या दुधानं प्लेटलेट वाढतात असं लोक धरून चालतात. त्याला वैद्यकीय पुरावा नाही, हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते, आणि दूध उकळूनच घ्या असंही बजावते.

गोठ्यात यंत्रं बसवायचं मनात आलं ते एका गोष्टीमुळे. बकरी दुखणं लपवते. शिकारी जनावरांच्या धाकात वाढलेली ही जात, कळपात आपण कमजोर आहोत हे दाखवणं तिच्या अंगात नाही. ताप असला तरी ती बाकीच्यांबरोबर चालते, गव्हाणीशी उभी राहते, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत निम्मा आजार होऊन गेलेला असतो. आपल्या डोळ्याला दिसण्याआधी काही कळू शकेल का, एवढाच माझा प्रश्न होता. दूध किती वाढेल हा हिशेब त्यात नव्हता.

पहिली पायरी सोपी होती. कानातला पिवळा बिल्ला, बारा आकडी नंबरचा, भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदवलेला. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे तो असायलाच हवा. पण माझ्या दृष्टीनं त्याचं मोल बाजारापुरतं नाही. ज्या बकरीला कायमचा नंबर आहे, तिचंच वजन, वेत, लस आणि दूध ओळीनं लिहिता येतं. युरोपात मेंढ्या-बकऱ्यांना २०१० च्या सुरुवातीपासून इलेक्ट्रॉनिक ओळख सक्तीची झाली. नुसतं वाचक यंत्र जवळ नेलं की नंबर उमटतो. आपला साधा बिल्ला डोळ्यांनी वाचावा लागतो आणि चिखलात दिसत नाही, म्हणून आम्ही गळ्यातल्या पट्ट्यावर मोठा आकडाही रंगवला.

यंत्रांची चौकशी सुरू केली तेव्हा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून गेलेल्या, आमच्याकडे नेहमी येणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी थांबवलं. म्हणाले, "ताई, आधी कागद घेऊन गोठ्यात उभ्या राहा. काय मोजायचं ते ठरलं नसेल तर यंत्र काय करेल?" त्यांनी मला युरोपातल्या अविन प्रकल्पाची पद्धत समजावली. २०१५ मध्ये त्या लोकांनी दुधाच्या बकऱ्यांचं कल्याण तपासायची एक सविस्तर पद्धत प्रसिद्ध केली. खाणं, राहण्याची जागा, तब्येत आणि वागणूक असे चार भाग, आणि प्रत्येकात डोळ्यांनी बघून लिहायच्या खुणा.

हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून जरा थांबून सांगते. चारा टाकल्यावर गव्हाणीशी किती बकऱ्या खातात ते आपण बघतो. या पद्धतीत मागे ताटकळत किती उभ्या आहेत ते मोजायचं. आमच्याकडे शिंगाळ सिरोही पुढे आणि बिनशिंगी बकऱ्या मागे, हे रोजचंच चित्र होतं, पण आकडा लिहिल्यावर ते बोचायला लागलं. पाण्याच्या टाकीशीही तसंच. मग खुरं किती वाढलीत, केस राठ आणि विस्कटलेले आहेत का, नाकाडोळ्यांतून पाणी येतं का, कासेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो का, चारा खाताना कुणी पुढच्या गुडघ्यांवर टेकते का. कळपापासून तुटून, भिंतीकडे तोंड करून, आजूबाजूच्या गडबडीत मन नसलेली बकरी वेगळी नोंदवायची. आणि एक गोष्ट मला फार आवडली: आपण कप्प्यात जाऊन स्वस्थ उभं राहायचं आणि पहिली बकरी आपणहून येऊन नाक लावेपर्यंत किती वेळ जातो तो मोजायचा, जास्तीत जास्त पाच मिनिटं. आमच्या जुन्या कप्प्यात बकऱ्या लगेच यायच्या. बाजारातून आणलेल्यांच्या कप्प्यात घड्याळ पुढे सरकत राहिलं तरी कुणी जवळ यायला तयार नव्हती. त्यांना आधी कसं हाकललं असेल, हे त्या न येण्यातच कळलं. मी आणि मामांनी रोज तिथे नुसतं बसायचं ठरवलं. हळूहळू तो वेळ कमी झाला.

मामा म्हणजे आमच्याकडे बकऱ्या चारणारे. त्यांचा जन्म बकऱ्यांमागे गेला. लिहिणं त्यांना येत नाही, म्हणून ते फोनवर आवाजात नोंद टाकतात: "ताई, तांबी आज मांगं मांगं राहून राहिली. कुटार हुंगते अन् सोडते." ही नोंद मी वहीत आकड्यांशेजारी तशीच उतरवते. पुढे जे पट्टे आले, त्यांची परीक्षा घ्यायला याच नोंदी कामी आल्या.

पट्ट्यांचं सांगते. गळ्यातल्या पट्ट्यातला संवेदक, म्हणजे सेन्सर, मानेच्या हालचालीवरून खाणं, रवंथ आणि बसणं ओळखतो आणि फोनवर पाठवतो. ज्या विक्रेत्याकडून आम्ही ते घेतले, त्याचं सगळं गणित गायींवर बसवलेलं निघालं. गाय मान खाली घालून चरते. बकरी मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओरबाडते, कान झटकते, शिंगं घासते. हे सगळं यंत्राच्या दृष्टीनं एक तर खाणं, नाही तर काहीच नाही. पट्टा गळ्यात फिरून संवेदक वर गेला की आकडे आणखी बिघडत. गोठ्याच्या टिनामुळे सिग्नल अडायचा आणि अवकाळीचं वादळ झालं की वीज जायची. शिवाय दोन-तीन बकऱ्यांच्या मानेचे केस पट्ट्याखाली घासून गेले. जिच्या भल्यासाठी हे बांधलं तिलाच ते काचत असेल, तर आधी पट्टा सोडायचा, हे आम्ही ठरवलं. काटेरी झुडपांत चरायला जाणाऱ्या बकऱ्यांना तो घालायचाच नाही, हेही ठरलं, कारण अडकण्याची भीती मोठी.

तरी पट्टे निरुपयोगी म्हणणार नाही. गोठ्यात बांधून असलेल्या, विण्याला आलेल्या बकऱ्यांना आम्ही ते ठेवले, आणि दिवसाचे आकडे सोडून फक्त रात्रीच्या रवंथाकडे बघायला लागलो. रात्री बकरी शांत बसते, त्यामुळे तिथे यंत्राचा गोंधळ कमी होतो. चांदी नावाच्या बकरीचा रवंथ एका रात्रीत एकदम खाली आला. सकाळी मामांना ती नेहमीसारखीच वाटली, मलाही. थर्मामीटर लावला तर १०५ च्या वर. बकरीचं नेहमीचं तापमान १०२-१०३ फॅरनहाइटच्या आसपास असतं. डॉक्टरसाहेब दुपारच्या आत आले आणि ती लवकर सावरली. त्या सकाळचं समाधान मला आजही पुरतं.

आता उन्हाळा. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक नऊ दिवसांत, तर रस्तेसुद्धा ओस पडतात. काही शे रुपयांत मिळणारा तापमान आणि आर्द्रता दाखवणारा मीटर आम्ही बकऱ्यांच्या उंचीवर, सावलीत टांगला. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगून उपयोग नाही, बकरी खाली श्वास घेते. दोन्ही आकड्यांवरून उष्म्याचा निर्देशांक काढायचा. सेल्सिअसमधल्या तापमानाला ०.८ नं गुणायचं, तापमानातून १४.४ वजा करून उरलेल्याला आर्द्रतेनं गुणायचं, म्हणजे ५० टक्के असेल तर ०.५ नं, या दोन्हींची बेरीज करून त्यात ४६.४ मिळवायचे. हे सूत्र गाई-म्हशींसाठी वापरतात आणि बकरी त्यांच्यापेक्षा जास्त उष्मा सोसते, त्यामुळे गायीची धोक्याची पातळी बकरीला जशीच्या तशी लावायची नाही. यात ऊन आणि वाराही धरलेला नाही. पण एकाच गोठ्यातला आज आणि उद्या ताडून बघायला ते चांगलं.

मे महिन्यातली कोरडी दुपार: ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. निर्देशांक ८६. कूलर लावल्यावर आत ३५ अंश आणि ३५ टक्के, म्हणजे साधारण ८२. कूलर इथे खरंच उपकार करतो. मग मृग लागला. बाहेर ३८ अंश आणि ४५ टक्के, निर्देशांक ८७. आत कूलर चालू, पडदे बंद, ३६ अंश आणि ७० टक्के. हिशेब केला तर ९०. आतलं तापमान बाहेरपेक्षा दोन अंशांनी कमी, माणूस आत गेला तर त्याला गार वाटावं, आणि बकऱ्यांवरचा ताण मात्र बाहेरपेक्षा जास्त. कूलरची ओल, लघवीची ओल आणि इतक्या जिवांचा श्वास, सगळं पडद्यांच्या आत कोंडलेलं. घाम आणि श्वासातलं बाष्प ओल्या हवेत उडतच नाही, मग अंग थंड होणार कसं?

आकडा बरोबर आहे का हे बकऱ्यांनाच विचारलं. कुशीची हालचाल पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची. निवांत बकरी मिनिटाला १५ ते ३० श्वास घेते. त्या दुपारी बंद गोठ्यातल्या बकऱ्या त्याच्या कितीतरी पुढे होत्या, काही तोंड उघडून धापा टाकत होत्या. बाहेर कडुनिंबाखाली बांधलेल्या त्यांच्यापेक्षा शांत. तेव्हापासून गोठ्यात नियम पक्का आहे: हवा कोरडी असेल तोवर कूलर पाण्यासकट, आतली आर्द्रता ५० च्या वर गेली की पाण्याचा पंप बंद, नुसता पंखा, पडदे वर, आणि शक्य तितक्या बकऱ्या झाडाखाली. छताच्या माथ्यावर हवा निघायला फट ठेवून घेतली. ढेप आणि दाणा दुपारी न देता पहाटे आणि रात्री द्यायला लागलो. पचताना अंगात उष्णता तयार होते, तिची भर भर दुपारी नको. नागपूरच्या आसपास ज्यांचे गोठे आहेत त्यांना मी हात जोडून सांगेन, पाऊस जवळ आला की कूलर लावलेल्या बंद गोठ्यात एकदा मीटर घेऊन उभे राहा.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. ओल्या गवतातून हिमाँकस नावाचा रक्तपित्या जंत पोटात जातो आणि बकरी पांढरी पडत जाते. वाढलं की जबड्याखाली पाणी साठून सूज येते. याला दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला ‘फमाचा’ (FAMACHA) नावाचा तक्ता वापरतात. खालची पापणी उलटी करून तिचा रंग तक्त्यावरच्या एक ते पाच रंगांशी जुळवायचा, एक म्हणजे लालबुंद, पाच म्हणजे कागदासारखी पांढरी. चार आणि पाच असतील त्यांना औषध, तीनला डॉक्टरांच्या सल्ल्यानं, एक-दोनला नाही. सगळ्या कळपाला दर वेळी औषध पाजत राहिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात, म्हणून हे निवडून देणं. तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या जंतांपुरता आहे, त्यामुळे लेंडीची तपासणी प्रयोगशाळेत करून घेतोच. औषध दिलेल्या बकरीचं दूध किती दिवस विकायचं नाही ते डॉक्टर सांगतात, आणि त्या बकरीच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधली जाते. लाल चिंधीचं दूध कॅनमध्ये जात नाही.

कासदाहाचं, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराचं, थोडक्यात. ज्या तपासणीत दूध औषधात मिसळून घट्ट होतं का ते बघतात, ती बकरीला गायीच्या मापानं वाचायची नाही. तो घट्टपणा दुधातल्या पेशींमुळे येतो, आणि बकरीच्या निरोगी दुधातही पेशी जास्त असतात. आम्ही दोन्ही सडांचं दूध शेजारी-शेजारी तपासतो आणि फरक दिसला तर डॉक्टरांना कळवतो. त्यासोबत रोज प्रत्येकीचं दूध टांगत्या काट्यावर तोलतो. एकीचंच दूध अचानक घटलं, तर त्याच सकाळी तिची कास हातानं चाचपायची.

सध्या गोठ्यात जे टिकलंय ते असं: मीटर दोन, दुधाचा काटा, पापणीचा तक्ता, मामांच्या आवाजी नोंदी, आणि विणाऱ्या बकऱ्यांसाठी थोडे पट्टे. गव्हाण लांब करून बिनशिंगींचा कप्पा वेगळा केला, मागे ताटकळणाऱ्यांचा आकडा आता बराच खाली आहे. करडांच्या वजनासाठी चालत जाता येईल असा काटा बसवायचा विचार आहे, म्हणजे दर आठवड्याला धरपकड करावी लागणार नाही; एका वेल्डिंगवाल्याकडे त्याची चौकट तयार होतेय.