ताइचुंगला कामाला जाताना: तैवानमधल्या मुक्कामाविषयी, कोल्हापूरकरांसाठी

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत मशीनचं कव्हर उघडलं की आत तैवानचा बॉलस्क्रू (सरकते भाग हलवणारा स्क्रू) नाहीतर लिनिअर गाईड (त्यांची सरकायची पट्टी) सापडायची शक्यता मोठी. पुष्कळ वर्कशॉपमध्ये तर अख्खं व्हीएमसीच, म्हणजे संगणकावर चालणारं कटिंग मशीनच, तिकडचं असतं. त्यामुळे ट्रेनिंगला, मशीनच्या ट्रायलला किंवा काही महिन्यांच्या कामाला आपल्याकडची माणसं तैवानच्या ताइचुंग शहरात जातात. मीही चैत्रात गेलो आणि थंडी पडायला लागल्यावर परत आलो. कामाचं काय ते कंपनी सांगते. राहायचं कसं, खायचं काय, हे ज्याचं त्यानं शोधायचं असतं. म्हणून हे लिहितोय. जाणाऱ्यानं खोली ते कारखाना एवढंच तैवान बघून परतू नये, अशी मनापासून इच्छाही आहे.

आधी पोचण्याचं. मुंबईहून हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे ताओयुआन विमानतळ गाठायचा. तिथून मेट्रोनं ताओयुआनच्याच हाय स्पीड रेल्वे स्टेशनवर या, पुढं पाऊण तासात ताइचुंग. मात्र हे स्टेशन शहराच्या कडेला वूरी भागात आहे आणि जुनं ताइचुंग स्टेशन वेगळं आहे. कुणी न्यायला येणार असेल तर कुठल्या स्टेशनवर, हे आधी ठरवून घ्या. व्हिसाची चौकशी तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरमध्ये, म्हणजे तैवानच्या भारतातल्या कार्यालयात, करायची. त्यांचं मुंबईचं कार्यालय २०२४ मध्ये सुरू झालंय, त्याआधी दिल्ली किंवा चेन्नईच होतं.

सामानात मिक्सर आणि इंडक्शनची शेगडी भरू नका. तिकडं वीज ११० व्होल्टची, आपली २३० ची उपकरणं चालत नाहीत. मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त चपट्या दोन पिनांचा अडॅप्टर घ्या. घरची कांदा-लसूण चटणी नक्की न्या, नीट पॅक करून, कारण तिकडच्या तिखटाला आपल्यासारखी धार नाही. मटणाचे पदार्थ, सुकं मांस, ताजी फळं मात्र अजिबात नेऊ नका. विमानतळावर वास घेणारी कुत्री असतात आणि दंड जबर आहे. आईनं कितीही प्रेमानं सुक्कं मटण बांधून दिलं तरी ते घरीच संपवून निघा.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या माणसांचे हाल तिथंच होतात. शाकाहारी असाल तर घाबरू नका. बौद्ध परंपरेमुळं शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत आणि कितीतरी पाट्यांवर स्वस्तिक असतं. ‘सू’ म्हणजे शाकाहारी, एवढा शब्द पाठ ठेवा. अशा खानावळीत ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि बऱ्याच ठिकाणी वजनावर पैसे द्यायचे. टोफू, कमळाची देठं, अळंबी, हिरव्या पालेभाज्या, सगळं ताजं असतं. कडक शाकाहारात कांदा-लसूणही घालत नाहीत, म्हणून चटणीची डबी जवळ असू दे. साध्या हॉटेलातल्या भाजीवर मात्र भरवसा ठेवू नका. तीत डुकराची चरबी किंवा खिमा असू शकतो.

मांसाहारी असाल तरी डुकराचं मांस सगळीकडं, हे धरूनच चाला. डब्यात भात, त्यावर तळलेला मांसाचा तुकडा आणि तीन भाज्या, असं दुपारचं जेवण कारखान्यात येतं. चिकनचा डबा मागितला तर मिळतो. थंडीत बकऱ्याच्या मटणाचं गरम भांडं मिळतं, कातडीसकट शिजवलेलं, औषधी मुळ्या घातलेल्या रश्शात. तांबड्या-पांढऱ्याशी त्याचं नातं नाही, पण मटण अस्सल असतं. खोलीवर स्वयंपाक करणार असाल तर जुन्या स्टेशनजवळच्या आसियान चौकात रविवारी जा. व्हिएतनाम, इंडोनेशिया, थायलंड, फिलिपिन्सचे कामगार सुट्टीला तिथं जमतात. तिखट मिरच्या, हळद, नारळाचं दूध सगळं मिळतं. घरापासून लांब आलेल्या माणसांची ती गर्दी मला फार जवळची वाटायची.

दूध घालून प्यायच्या थंड चहात साबुदाण्यासारख्या मोठ्या गोळ्या घालतात. हा प्रकार ताइचुंगचाच असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. साखर किती, बर्फ किती हे दुकानदार विचारतो. पाव साखर सांगा, तरी गोड लागतो.

आता कामाविषयी, कारण खरं बघण्यासारखं तिथंच आहे. ताइचुंगच्या आसपास दाया, फंगयुआन, थानत्झ या भागांत छोट्या-छोट्या शॉपची रांगच लागते. कुणी फक्त ग्राइंडिंग करतो, कुणी फक्त गिअर, कुणी पत्र्याची कव्हरं, कुणी हीट ट्रीटमेंट. मोठी कंपनी मशीन जुळवते, पण तिचे हात या शॉपमध्ये असतात. तळमजल्यावर मशीन, वर घर, आणि मालक स्वतः तेलात हात घालून उभा. उद्यमनगरात वाढलेल्याला हे नवीन नाही. नवीन आहे ती त्यांची एकमेकांत काम वाटून घेण्याची शिस्त. दुसऱ्याचं काम आपल्याकडं ओढायचं नाही, आपलं एकच काम दहा मायक्रॉनच्या अचूकतेवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पाचवर आणायचं. शक्य झालं तर साहेबाला सांगून अशा एखाद्या छोट्या शॉपमध्ये एक दिवस मागून घ्या. आपल्याकडं हेच व्हायला हवं असं मला तीव्रतेनं वाटतं, कारण कौशल्य आपल्याकडं कमी नाही.

एका मेस्त्रीला हातानं स्क्रेपिंग (धातूचा पृष्ठभाग खरवडून सपाट करणं) करताना मी तासभर बघत उभा होतो. मेस्त्रीला तिकडं ‘शिफू’ म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा. कास्टिंगच्या गाईडवेवर, म्हणजे मशीनचा भाग ज्यावर सरकतो त्या पट्टीवर, त्यांनी निळी शाई लावलेला मास्टर (अचूक सपाट नमुना) हलकेच सरकवला आणि उचलला. जिथं टेकला तिथं निळे ठिपके उमटले होते. लांब स्क्रेपरची मूठ कमरेला टेकवून, अंगाचा जोर देत त्यांनी नेमके तेच ठिपके खरवडले. परत शाई, परत मास्टर. दर वेळी ठिपके वाढत गेले, बारीक होत गेले आणि सगळीकडं सारखे पसरले. खरवडल्यानं पडलेल्या बारीक खळग्यांत तेल धरून राहतं, म्हणून गाईडवे वर्षानुवर्षं टिकतो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. ड्रॉइंग, जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) आणि बोटांच्या खुणा यांवर आमचं भागलं. बाकीच्या बोलण्याला भाषांतराचं ॲप पुरतं. निरोप सगळे लाइनवर येतात, ते ॲप पहिल्याच दिवशी घ्या.

कंट्रोल पॅनेलवर हिरव्या रंगाचं खाऊचं पाकीट ठेवलेलं दिसेल. ‘क्वाइ क्वाइ’ नावाचा हा नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ, आणि नावाचा अर्थ शहाण्यासारखं वाग. मशीननं नीट चालावं म्हणून तो ठेवतात. पाकीट हिरवंच लागतं, लाल-पिवळं चालत नाही, आणि तारीख उलटायच्या आत बदलायचं. त्याला हात लावू नका, भूक लागली तरी फोडू नका. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहणाऱ्याला त्यामागची भावना समजावून सांगावी लागत नाही. दुपारी जेवण झालं की दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकून झोपतात. त्या वेळी फोनवर मोठ्यानं बोलू नका.

घरचा कचरा कोपऱ्यावर टाकायचा नाही. ठरलेल्या वेळी गाडी येते, पियानोची धून वाजवत, आणि गल्लीतली माणसं पिशव्या घेऊन खाली उतरतात. सुका, ओला आणि पुन्हा वापरायचा असे वेगळे भाग असतात. शेजाऱ्यांशी माझी ओळख त्या गाडीपाशीच झाली.

दुकानातली पावती फेकू नका. प्रत्येक पावतीवर आठ आकडी नंबर असतो आणि विषम महिन्याच्या २५ तारखेला सरकारी सोडत निघते. शेवटचे तीन आकडे जुळले तरी २०० तैवानी डॉलर मिळतात, सर्वांत मोठं बक्षीस १ कोटीचं. एक तैवानी डॉलर म्हणजे आपले अडीच ते तीन रुपये. बस, मेट्रो, भाड्याची सायकल आणि चोवीस तास उघडी असणारी दुकानं यांना एकच ईझीकार्ड चालतं.

पावसाची आपल्याला सवय आहे, पण तिकडचा वेगळा. मे-जूनमध्ये चिपचिपा पाऊस, कपडे वाळत नाहीत, म्हणून खोलीत हवेतला ओलावा शोषणारं यंत्र आहे का ते बघूनच खोली घ्या. पुढं टायफून, म्हणजे चक्रीवादळ. तो येणार असला की शाळा-कचेऱ्यांना सुट्टी आहे की नाही हे स्थानिक प्रशासन साधारण आदल्या रात्री जाहीर करतं. पाणी, नूडल्स, चार्ज केलेली बॅटरी घरात ठेवा आणि सुट्टी मिळाली म्हणून डोंगराकडं फिरायला जाऊ नका. हिवाळ्यात पारा १० अंशांजवळ येतो, घरांत हीटर नसतात, दमट थंडी हाडांत शिरते. स्वेटर इथूनच न्या.

भूकंपाचा इशारा मोबाईलवर कर्कश वाजतो. टेबलाखाली जा, लिफ्ट टाळा. २१ सप्टेंबर १९९९ च्या रात्री याच भागात झालेल्या भूकंपात २,४०० हून अधिक माणसं गेली. वूफंगमध्ये एका शाळेचं दुभंगलेलं मैदान तसंच ठेवून संग्रहालय केलंय. एक रविवार त्यासाठी द्या.

चैत्रात तिथं असाल तर ताइचुंगच्याच दाच्या भागातल्या देवळातून निघणारी, समुद्राची देवता मात्सूदेवीची पालखी चुकवू नका. नऊ दिवस, तीनशेहून जास्त किलोमीटर, दक्षिणेकडच्या च्यायीपर्यंत जाऊन परत. वाटेत लोक पाणी, फळं, गरम जेवण हातात देतात आणि पैसे घेत नाहीत. रस्त्यावर एका रांगेत ओणवं होऊन पालखी डोक्यावरून जाऊ देतात. त्या वर्षी मला जोतिबाचा डोंगर चुकला होता. एका आजीनं काही न विचारता माझ्या हातात वाफाळती वाटी दिली तेव्हा डोळे भरून आले. कुठूनही सामील होता येतं, जमेल तेवढं चाला.

आणखी काही गोष्टी. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९. स्थानिक परवाना नसेल तर स्कूटर चालवू नका, गाड्या उजव्या बाजूनं चालतात. मुक्काम सहा महिन्यांच्या पुढं जाणार असेल तर रहिवासी कार्ड लागतं, आरोग्य विम्याचं कंपनीला आधीच विचारा. पगार तिकडून मिळणार असेल तर कॅलेंडर वर्षातले १८३ दिवस मोजून ठेवा. त्याहून कमी राहिलात तर पगारावर साधारणपणे १८ टक्के कर कापला जातो, पुरे केलेत तर रहिवाशाच्या दरानं हिशोब होतो. कायमचं परतताना कराचं विवरण निघायच्या आधीच भरायचं असतं, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी अकाउंट्सवाल्यांशी बोलून घ्या.