पेटी, लुगडं आणि माइक

आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या दिवसांत, चर्चच्या आवारात. वसईची थंडी ती काय, पण बायका शाली घेऊनच येत. स्टेजमागे कुणाच्या मिशा सापडत नसत. एकदा एकांकिकेतल्या म्हातारीसाठी कुणीतरी घरच्या आजीचं लाल लुगडं न विचारता उचलून आणलं. आजी पहिल्याच रांगेत. तिने ते ओळखलं आणि आमच्या कादोडी बोलीत असा काही उद्धार केला, की अख्ख्या नाटकाला पडला नव्हता एवढा हशा तिला पडला.

आमच्या वडिलांच्या पिढीने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये ऐकलेली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना मराठीत आली, मग गीतंही मराठीत हवी झाली. गायनमंडळात पेटी धरणारे चाली लावता लावता स्वतःच कविता करू लागले. आमचं कविसंमेलन त्यातूनच आलं. बऱ्याच कविता सुमार असायच्या, आता बोलायला हरकत नाही. पण टँकरवाले विहिरी उपसत होते त्या काळात एक वाडीवाला थेट भाजी उतरवून आला आणि पाण्यावर कविता वाचून गेला. कागद ओला, आवाज खणखणीत. ‘हरित वसई’ या पर्यावरण चळवळीच्या सभेत ऐकलेलं सगळं त्याने यमकात बसवलं होतं.

त्या चळवळीचे आणि ‘सुवार्ता’ मासिकाचेही फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले, त्या डिसेंबरात आमच्याकडे भाषणं आवरेनात. ज्याला त्याला ‘फादर आमच्या घरी जेवले होते’ हेच सांगायचं होतं. एवढ्या घरी जेवले असते तर त्यांनी लिहिलं कधी?

२५ जुलै २०२४ला फादर गेले. त्या वर्षी आम्ही प्रमुख पाहुणा बोलावलाच नाही. पाहुण्याचं तासभराचं भाषण टळलं, हे फादरांनाही आवडलं असतं. त्याऐवजी ज्याने त्याने त्यांच्या लेखनातलं आवडतं पान वाचलं. इंग्रजी माध्यमातल्या एका मुलीने ‘सुबोध बायबल’मधला उतारा मोबाईलवर रोमन लिपीत उतरवून आणला होता. ‘ळ’ आणि ‘ण’ मात्र माझ्यापेक्षा स्वच्छ.

आता कार्यकारिणीत वाद चालू आहे, रोमन लिपीतून वाचणाऱ्यांना वाचन स्पर्धेत घ्यायचं की नाही. मी ‘घ्या’ म्हणणाऱ्यांत आहे. खजिनदार अजून ऐकत नाहीत.