केळीचे खोड, धागा आणि रस : आमची वाटचाल

केळीचे झाड एकदाच फळते. घड उतरला की खोड कापावे लागते, आणि रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात हेक्टरी ६० ते ८० टन ओले खोड दर कापणीला मोकळे होते. आमच्या लहानपणी हे खोड बांधावर, नाल्यात किंवा शिवरस्त्याच्या कडेला कुजत पडलेले असे आणि ते उचलून नेण्यासाठी बागायतदाराला पदरचे पैसे मोजावे लागत. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु मानांकन फळाचे झाले, खोडाकडे तेव्हाही कोणाचे लक्ष गेले नाही. सावद्याजवळचा आमचा छोटा कारखाना याच खोडावर उभा आहे. तो कसा उभा राहिला, कोणामुळे बंद पडण्याच्या बेतात आला आणि कोणत्या संशोधनाने तरला, हे लिहून ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण आमचा धागा काळा येतो, धाग्यावाले बागेत घाण टाकून जातात, असे या धंद्याविषयी आमच्या भागात जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे खरे नाही.

आमची सुरुवात गुजरातमधील नवसारीला झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने भारतीय कृषी संशोधन परिषदेने जो राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्प राबवला, त्यात नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडाच्या सर्वांगीण उपयोगाचे काम हाती घेतले होते. सोपटापासून (खोडाच्या एकावर एक असलेल्या थरांपासून) धागा, धाग्यापासून कापड व कागद, रसापासून द्रवखत, चोथ्यापासून गांडूळखत आणि आतल्या गाभ्यापासून कँडी, असा एकाच खोडाचा पूर्ण हिशेब तेथे मांडलेला आम्ही पाहिला. प्रशिक्षण घेऊन परत आलो तेव्हा आमच्या डोक्यात मात्र धागाच भरलेला होता, कारण बाजारात भाव त्यालाच होता.

यंत्राचे खरे शिक्षण आम्हाला फैजपूरच्या लेथवाल्या भाऊंनी दिले. ते आमचे पहिले भागीदार. विकतचे यंत्र आणून त्यांनी ते आमच्यासमोर पूर्ण खोलले आणि ढोल, पाती, बेअरिंग, मागची पट्टी असा एकेक भाग मांडून ठेवला. धागा काढण्याचे यंत्र म्हणजे फिरणारा ढोल आणि त्याच्यासमोरची स्थिर पट्टी. सोपट या दोहोंमध्ये सरकवले की पात्या गर खरवडून काढतात आणि हातात धागा उरतो. सगळी करामत ढोलाची पाती आणि पट्टी यांच्यातील फटीत आहे. फट जास्त राहिली तर गर धाग्याला चिकटून राहतो आणि वाळल्यावर धागा कडक होतो. फट कमी झाली तर धागा तुटतो आणि चोथ्याबरोबर वाहून जातो. भाऊ फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) घेऊन पट्टीच्या दोन्ही टोकांना फट मोजत आणि दोन्हीकडे ती सारखी येईपर्यंत यंत्राला हात लावू देत नसत. बाहेरच्या सोपटाचा धागा जाड आणि काळपट, आतल्या सोपटाचा बारीक आणि पांढरा येतो; म्हणून दोहोंसाठी फट वेगळी ठेवावी आणि माल सुरुवातीपासूनच वेगळा बांधावा, हा नियमही त्यांचाच. आजही आमच्या कारखान्यात दररोज सकाळी पहिले काम फट मोजण्याचे असते.

भाऊंचा दुसरा आग्रह पोलादाचा होता. केळीच्या रसात टॅनिन असते आणि ते साध्या लोखंडाच्या संपर्कात आले की धाग्यावर काळा डाग पडतो, जो धुऊन निघत नाही. यासाठी त्यांनी पाती, पट्टी आणि खालचे पन्हाळे स्टेनलेस स्टीलचे बसवले. खर्च बराच वाढला. पण आमचा धागा कोइम्बतूरच्या सूतगिरणीत पहिल्याच नमुन्याला पसंत पडला तो त्या पोलादामुळेच.

पुढची काही वर्षे बरी गेली, त्यांत सांगण्यासारखे विशेष नाही. नंतर तालुक्यात एक यंत्रविक्रेता आला.

त्याचे नाव येथे लिहीत नाही, परंतु आमच्या भागातील ज्यांनी यंत्रे घेतली त्यांना ते सांगण्याची गरज नाही. गावोगावी त्याने प्रात्यक्षिके केली. प्रात्यक्षिकासाठी तो ताज्या कापलेल्या खोडाचे आतले सोपटच वापरत असे. त्याचा धागा पांढराशुभ्र निघायचा आणि लोक थक्क व्हायचे. यंत्र घ्या, धागा आम्ही किलोच्या भावाने परत विकत घेऊ, असा लेखी करार तो करत असे. शिकलेल्या, नोकरी नसलेल्या तरुणांनी कर्ज काढून यंत्रे घेतली. शंभर किलो ओल्या खोडातून जेमतेम एक किलो सुका धागा मिळतो, उरलेल्या ओझ्याचे काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. यंत्रांची पाती साध्या लोखंडाची होती, त्यामुळे धाग्यावर डाग पडू लागले. माल परत देण्याची वेळ आली तेव्हा करारातील रंग आणि ओलावा यांच्या अटी पुढे करून जवळजवळ सर्वांचा माल नाकारण्यात आला, आणि काही काळाने विक्रेत्याचा फोनही लागेनासा झाला.

नुकसान त्या तरुणांचे झाले, तसे आमचेही झाले, आणि आमचे नुकसान कोणी मोजले नाही. घराघरांत पडलेला डागाळलेला धागा मिळेल त्या भावाने व्यापाऱ्यांच्या हाती गेला. त्यांनी तो चांगल्या मालात मिसळून दक्षिणेकडे पाठवला, आणि रावेरचा धागा काळा येतो अशी बोलवा गिरण्यांपर्यंत पोहोचली. आमचा कोइम्बतूरचा नियमित ग्राहक नमुना न पाहताच मागे हटला. इकडे बागायतदार आम्हाला बागेत पाऊल ठेवू देईनात, कारण आधीच्या लोकांनी सोपटे काढून चोथा आणि गाभे बागेतच टाकून दिले होते. धाग्यावाले हा शब्द आमच्या समोर तुच्छतेने उच्चारला जाऊ लागला. बँकेचे हप्ते थकले, मजुरांची मजुरी उशिरा देण्याची वेळ आली, आणि यंत्रे भंगारात देऊन पुन्हा शेतीच करावी असे घरात बोलले जाऊ लागले. ज्या कार्यालयात आम्ही या प्रकाराची लेखी तक्रार दिली, तेथून आजतागायत उत्तर आलेले नाही.

त्या काळात एक ग्राहक मात्र हलली नाही. पुण्यातील हातकागद बनवणाऱ्या एका ताईंना आम्ही सूत कातण्यास न चालणारा आखूड धागा पुरवत होतो. त्यांचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमचा माल मी हाताने चाळलेला आहे, मला बाजाराचे सांगू नका. पैसे आज पाठवते, धागा जमेल तसा द्या.” वर्षभराच्या मालाची आगाऊ रक्कम त्यांनी एकाच वेळी पाठवली. आम्ही मजुरी चुकती केली ती त्या पैशांतून. आज आमच्याकडे त्यांच्यापेक्षा मोठे ग्राहक आहेत, तरी कापणीच्या हंगामातला पहिला गठ्ठा पुण्यालाच जातो आणि त्याचा भाव आम्ही ठरवत नाही, ताई ठरवतात.

उसंत मिळाली, पण धागा विकून कारखाना चालणार नाही हे आता पुरते कळले होते. तेव्हा नवसारीची जुनी टिपणे पुन्हा बाहेर काढली. खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि त्या पाण्यात पालाश (पोटॅश) भरपूर असतो. केळी हे पालाशाचे अत्यंत भुकेले पीक आहे. बागायतदार म्युरेट ऑफ पोटॅशची पोती ओततो, आणि हे खत आपला देश जवळपास सगळेच्या सगळे परदेशातून आणतो. म्हणजे परदेशातून आलेला पालाश जमिनीत जातो, जमिनीतून खोडात येतो, आणि ते खोड आपण नाल्यात टाकतो. आम्ही नुसता धागा काढून बाकीचे इतरत्र फेकले तर आमचा धंदाही त्या बागेची लूटच ठरतो. नवसारीच्या शास्त्रज्ञांनी याच रसापासून नोव्हेल नावाचे सेंद्रिय द्रवखत तयार करून त्याचे पेटंट घेतले होते, ते एवढ्याचसाठी.

आम्ही रस बाजारात विकायला काढला नाही. बागायतदाराशी अदलाबदल ठरवली : त्याने खोड द्यायचे, आम्ही बाग स्वच्छ करून द्यायची आणि त्याच्या खोडाचा आंबवलेला रस व गांडूळखत त्याच्याच बागेत परत पोहोचवायचे. चोथा पिळण्यासाठी भाऊंनी स्क्रू प्रेस बनवून दिला. ठिबकच्या नळ्या तुंबू नयेत म्हणून रस आधी कापडातून, मग वाळूच्या फिल्टरमधून काढावा लागतो. चोथ्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी, म्हणून त्यात शेण मिसळून काही आठवडे कुजवल्यावरच आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे सोडतो. ताज्या, गरम चोथ्यात सोडलेली गांडुळे मरतात. पहिल्या वर्षी मोजकेच बागायतदार तयार झाले. त्यांच्या मातीचे आणि पानांचे परीक्षण करून घेतले, कागद हातात ठेवला, तेव्हा शेजारचे बांध ओलांडून लोक आपणहून येऊ लागले. आता खोडासाठी आम्हाला फिरावे लागत नाही.

धाग्याचा मान परत मिळवण्यासही संशोधनच उपयोगी पडले. धाग्याभोवतीचे पेक्टिन हे चिकट द्रव्य निघाल्याशिवाय तो मऊ होत नाही. पूर्वी हे काम कॉस्टिक सोड्यात उकळून होत असे आणि ते खारे पाणी सोडायचे कुठे हा प्रश्न असे. आता पेक्टिनेज या विकराने (एन्झाइमने) कोमट पाण्यात हेच काम होते. विकर महाग आहे, तापमान आणि आम्लता सांभाळावी लागते, पण मागे उरणारे पाणी जमीन बिघडवत नाही. प्रत्येक लॉटबरोबर आम्ही ताकद आणि जाडी यांचा तपासणी अहवाल पाठवतो. गिरण्या पुन्हा आमच्याशी बोलू लागल्या त्या अहवालामुळे, रावेरच्या नावामुळे नव्हे.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांना काही सांगावेसे वाटते. यंत्र घेण्याआधी ग्राहक शोधा आणि ग्राहकाच्या हातात तुमच्याच भागातील खोडाचा नमुना द्या. विक्रेत्याच्या नव्हे, तुमच्या खोडावर, बाहेरच्या सोपटावर प्रात्यक्षिक मागा. पात्यांना लोहचुंबक लावून समाधान मानू नका, पोलादाची प्रत बिलावर लिहून घ्या. खोड दूर वाहू नका. वाहतुकीचे भाडे तुम्ही पाण्यावर भरत असता. खोड कापल्यावर दोन दिवसांच्या आत धागा काढा. काकडी मोझॅक विषाणूने बागा उपटाव्या लागतात त्या वर्षी खोड मिळणार नाही, हे धरूनच कर्ज काढा. जळगावचे केळी संशोधन केंद्र आणि विद्यापीठ आपल्या दाराशी आहेत, तेथे प्रश्न घेऊन जा. रिकाम्या हाताने अनुदानाची चौकशी करायला जाऊ नका.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनाला चालना देणारे बायोई-३ धोरण मंजूर केले, आणि देशाची जैवअर्थव्यवस्था २०१४ मधील १० अब्ज डॉलरवरून १३० अब्ज डॉलरपलीकडे गेल्याचे सरकार सांगते. त्या बेरजेत लसी, जैवऔषधे, इथेनॉल यांचा वाटा मोठा आहे आणि तो असावाच. परंतु शेतातील अवशेषांवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना आजही यंत्रासाठी अनुदान सहज मिळते आणि वाळवणीच्या शेडसाठी, स्क्रू प्रेससाठी, तपासणीच्या खर्चासाठी मिळत नाही. यंत्राला अनुदान मिळते म्हणूनच यंत्रविक्रेते फोफावतात, हे आम्ही संबंधितांना वारंवार कळवले आहे. पावसाळ्यात धागा पिवळा पडतो, आणि त्या एका कारणाने मृगबागेचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेचा) बराच माल आम्हाला कागदाच्या भावाने द्यावा लागतो. त्यासाठी सौर शुष्कक स्वतःच्या खर्चाने उभारत आहोत. सांगाडा भाऊंच्या लेथवर तयार झाला आहे, पंख्यांची जागा अजून ठरायची आहे.