सातारा ते पुणे, थ्रॉटल लॉक लावून

आठवड्यातले तीन दिवस मी साताऱ्याहून पुण्याला मोटरसायकलवर कामाला जातो. वाढे फाट्यापासून वारज्यापर्यंत साधारण ११० किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालं की आठच्या आत पोचतो. एसटी आहे, पण संध्याकाळी काम कधी सुटेल याचा नेम नाही, म्हणून दुचाकी बरी पडते.

गेल्या दिवाळीनंतर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आधी खेड शिवापूरच्या पुढे मुंग्या यायच्या, मग शिरवळलाच यायला लागल्या. एका सकाळी शिरवळला चहा घेतला. ग्लासाचा चटका अंगठ्याला बसला, करंगळीला काहीच कळलं नाही. त्या दिवशी घाबरलो आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तळहाताच्या कडेला, करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या जवळ बोट दाबून दाखवलं: तिथून शीर (नर्व्ह) जाते, आणि तासन्‌तास ग्रिप आवळून धरली की तिच्यावर दाब येतो. वरून इंजिनाची थरथर असतेच. डावा हात मधूनमधून मांडीवर ठेवता येतो, उजव्याला ती सोय नाही. रेस सोडली की गाडीचा वेग लगेच पडतो.

थ्रॉटल लॉकपर्यंत, म्हणजे रेसची ग्रिप अडकवून ठेवणाऱ्या वस्तूपर्यंत, मी असा पोचलो. पण त्याच्या आधी एक फुकटचं काम सांगतो, कारण माझा निम्मा त्रास त्यानेच गेला. पुढच्या ब्रेकचा लिव्हर माझ्या गाडीला फार वर होता, त्यामुळे मनगट सतत वर वाकलेलं असायचं. मेस्त्रींनी क्लॅम्पचे दोन बोल्ट सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवला. सीटवर बसून बोटं लिव्हरवर ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष आली पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे. आणि मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत येत असतील तर ती शीर वेगळी. हात रात्री झोपेतही दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग गाडीला लावायच्या वस्तूंची खरेदी.

थ्रॉटल लॉक म्हणजे क्रूझ कंट्रोल नव्हे. दुकानात बऱ्याचदा हे एकच म्हणून सांगतात. क्रूझ कंट्रोल वेग धरून ठेवतो: चढ आला की रेस वाढवतो, उतार आला की कमी करतो, ब्रेकला हात लागला की सुटतो. लॉक फक्त ग्रिप जिथे आहे तिथे अडकवून ठेवतो. चढाला गाडी मंदावते, उताराला पळत सुटते, आणि ब्रेक दाबला तरी लॉकला त्याची खबर नसते, रेस चालूच राहते. हा फरक डोक्यात पक्का बसल्याशिवाय ही वस्तू गाडीला लावू नका.

मी तीन प्रकार वापरले. पहिली तळहाताची पट्टी, जिला क्रॅम्पबस्टर म्हणतात. ती लॉक नाहीच. ग्रिपवर चढवायची आणि तळहाताच्या वजनाने रेस धरायची, म्हणजे बोटं आवळावी लागत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर आराम मिळतो. पण गर्दीत पुढचा ब्रेक दाबायला हात सरकवला की तळहात पट्टीवर पडतो आणि रेस वाढते. नवले पुलाखाली एकदा असंच झालं, पुढच्या रिक्षापासून वीतभर अंतरावर थांबलो. पट्टी वापरायचीच असेल तर शहराच्या हद्दीत शिरण्याआधी ती फिरवून बाजूला करा.

दुसरी स्वस्तातली प्लास्टिकची क्लिप. तिचा दांडा ब्रेकच्या लिव्हरला टेकतो आणि ग्रिपला मागे फिरू देत नाही. चार दिवसांत काढून टाकली. ब्रेकच्या लिव्हरला काहीही टेकलेलं मला नको, त्यावर माझी चर्चा नाही. काहीजण ग्रिप आणि हँडलच्या टोकाच्या वजनामध्ये रबरी रिंग सारून घासत ठेवतात. ती रिंग चालत्या गाडीवर एका झटक्यात काढता येत नाही, म्हणून तीही नको.

तिसरा प्रकार राहिला. धातूची पातळ पट्टी ग्रिपच्या आतल्या टोकाला आवळून बसते, तिला दोन बटणं. एक दाबलं की घर्षणाची गादी स्विचच्या डब्याला टेकते आणि ग्रिप धरली जाते, दुसरं दाबलं की सुटते. महत्त्वाचं म्हणजे लॉक लागलेला असतानाही मनगटाने जोर लावून रेस कमी-जास्त करता येते. विकत घेताना एवढं एकच बघितलंत तरी चालेल: हाताच्या जोराने जो लॉक फिरत नाही तो घेऊ नका.

आता रस्ता. वाढे फाटा सोडल्यावर लिंब फाट्यापर्यंत मी लॉकला हात लावत नाही. अंधार असतो आणि गाडी अजून अंगात भिनलेली नसते. आनेवाडी टोलनाक्याला दुचाकींना टोल नाही, डावीकडच्या कडेच्या लेनमधून हळू निघायचं. तिथे तेलाचे डाग असतात. टोलच्या पुढे उडतारे, पाचवड. हा भाग सरळ आहे, पण हंगामात मी इथेही लॉक लावत नाही. कारण भुईंजचा साखर कारखाना. नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, डबल ट्रॉली, मागे दिवा नाही, आणि कधी उलट्या बाजूनेही येतात.

हे मी अनुभवाने शिकलो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाचवडच्या पुढे लॉक लावून हात झटकत होतो. धुकं विरळ होतं. समोर काळा ठिपका दिसला, ती ट्रॉली आहे हे कळेपर्यंत ती जवळ आली होती. सवयीने क्लच दाबला. लॉक सुटलेला नव्हता. इंजिनावरचा भार गेला आणि ते असं किंचाळलं की मला वाटलं आता फुटतंय. त्या आवाजाने एक क्षण काहीच सुचलं नाही. मग हात ग्रिपवर पडला, मनगटाने रेस मागे फिरवली, मागचा ब्रेक, पुढचा ब्रेक, आणि ट्रॉलीच्या उजव्या बाजूने निघालो. उसाची पानं हेल्मेटच्या काचेला घासली. पुढे बाजूला गाडी लावली आणि दहा मिनिटं नुसता बसलो.

त्या दहा मिनिटांत गणित मांडलं, ते तुम्हीही मांडा. ताशी ७० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेएकोणीस मीटर जाते. दहा सेकंद हात झटकला की जवळजवळ दोनशे मीटर रस्ता मागे पडतो. हात परत ग्रिपवर यायला एक सेकंद लागला तर वीस मीटर त्यातच गेले. आणि उजवा हात सुटलेला असताना पुढचा ब्रेक तुमच्याकडे नसतो, आणि थांबायचा मोठा जोर त्याच ब्रेकमध्ये असतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. समोर निदान तीनशे मीटर स्वच्छ दिसलं पाहिजे, दोन्ही आरशांत जवळ कुणी नको, रस्ता सपाट आणि कोरडा हवा. वेग ७०, त्याच्या वर नाही. महामार्गावर दुचाकीला मर्यादाच ८० ची आहे. डावा हात ग्रिपवर घट्ट, उजवा पाय मागच्या ब्रेकवर टेकलेला. बटण दाबायचं, हात खाली सोडायचा, मूठ पाचसहा वेळा उघडझाप करायची, मनगट दोनदा फिरवायचं, परत ग्रिपवर. मनात दहापर्यंत आकडे मोजतो, अकरावा मोजत नाही. हात परत आला की आधी रेस मागे फिरवून बघायची, मग सोडायचं बटण दाबायचं. क्लचला हात त्याच्यानंतर.

जोशीविहीर सोडली की सुरूर, वेळे आणि मग खंबाटकी. पुण्याकडे येताना जुना बोगदा लागतो. बोगद्यात लॉक नाही आणि बाहेर पडल्यावर तर मुळीच नाही. तिथलं उताराचं एस वळण किती जणांना भोवलं आहे हे या रस्त्यावरच्या माणसाला सांगायला नको. उतारावर लॉक लावलेली गाडी आपोआप वेग घेते आणि रेस सोडल्यावर इंजिनच वेग रोखतं तो इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. घाटात हात दुखला तर दुखू द्या, खाली खंडाळ्याच्या (हे साताऱ्याचं, लोणावळ्याजवळचं नव्हे) अलीकडे जागा बघून थांबा.

खंडाळा ते शिरवळ हा माझ्या मते लॉकसाठी सगळ्यात चांगला पट्टा. उजाडलेलं असतं, रस्ता लांबवर दिसतो. इथे दोनदा, फार तर तीनदा हात मोकळा करतो. शिरवळला चहा आणि पाच मिनिटं पायी फेरी. नीरा नदीचा पूल ओलांडून सारोळ्याच्या पुढे आणखी एकदा. कापूरहोळला भोर आणि नारायणपूरकडे जाणारी वाहनं वळतात, तिथून चेलाडी फाटा, वरवे, खेड शिवापूर, सगळीकडे सर्व्हिस रोडवरून गाड्या अचानक आत येतात. कापूरहोळनंतर लॉक विसरून जायचा. शिंदेवाडीच्या पुढे नवा कात्रज बोगदा, मग दरी पूल आणि नवले पुलापर्यंतचा तो लांब उतार. मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापलेले असू शकतात. दोन्ही हात, दोन्ही ब्रेक, वेगाच्या पाट्या पाळायच्या आणि मधल्या लेनमध्ये रेंगाळायचं नाही.

हिशेब केला तर ११० किलोमीटरमध्ये माझा लॉक एक मिनिटसुद्धा लागत नाही. चारपाच वेळा, दहा-दहा सेकंद. पण या तेवढ्या सेकंदांनी बोटं जागी राहतात. वारज्याला उतरल्यावर आता शर्टाचं बटण उजव्या हाताने लावता येतं. नोव्हेंबरात ते डाव्या हाताने लावत होतो.

बसवताना घाई करू नका. ग्रिप आणि स्विचचा डबा यांच्यामधली फट किती आहे ते आधी बघा, काही गाड्यांना ती फारच कमी असते आणि पट्टी दोन्हीकडे घासते. स्क्रू आवळल्यावर इंजिन बंद ठेवून रेस पूर्ण पिळा आणि सोडा, ग्रिप खटकन मागे आली पाहिजे. रेंगाळत येत असेल तर पट्टी सैल करून पुन्हा बसवा. मग इंजिन चालू करून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. आवाज वाढला तर केबल ताणली जाते आहे, ते आधी ठीक करा. बटण अंगठ्याला, तळहात ग्रिपवरून न उचलता, सापडलं पाहिजे, आणि हे हातमोजे घालून तपासा. माझ्या जाड हिवाळी मोज्याची वेल्क्रो पट्टी बटणाच्या कडेला अडकत होती, मोजे बदलले.

पहिले दोन दिवस महामार्गावर नेऊ नका. मोकळ्या मैदानात, तिसऱ्या गिअरमध्ये, लावणं-सोडणं पन्नास वेळा करा. आणि किल स्विचचा, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या लाल बटणाचा, सराव करा. रेस कधी अडकलीच तर क्लच दाबून लाल बटण बंद, हा क्रम अंगठ्याला झोपेत यायला हवा. मला त्या दिवशी तो आला नाही, कारण कधी केलाच नव्हता.

घर्षणाच्या गादीवर धूळ आणि पावसाचं पाणी बसतं. दर रविवारी मी कोरड्या फडक्याने पुसतो. तेल, पॉलिश काही लावत नाही, तेल लागलं की लॉक घसरतो. पावसाळ्यात वस्तूच काढून ठेवणार आहे. ओल्या रस्त्यावर एक हात सोडायची वेळ येऊ नये.

परतीचं थोडक्यात. संध्याकाळी साताऱ्याकडे जाताना मी खंबाटकीचा घाट चढून जातो. चढाला लॉक लावला तर गाडी मंदावते आणि मागचा ट्रक अंगावर येतो. शिवाय अंधार, समोरचे हेडलाइट, दिवसभराचा थकवा. परतीला मी लॉक वापरतच नाही. त्याऐवजी शिरवळला आणि घाट उतरल्यावर वेळ्याला थांबतो, हातमोजे काढतो, बोटं एकेक करून मागे ताणतो. वेळ्याला थांबायचं तर रस्त्याच्या कडेला नको, हॉटेलच्या आवारात गाडी पूर्ण आत घ्या.