आखाडा सुटल्यानंतर

खाशाबा जाधवांची आठवण आपण बहुधा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदकापाशी थांबवतो. मला मात्र त्यानंतरची वर्षे अधिक विचार करायला लावतात. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा, कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाला आणि पुढे सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत पोहोचला. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले; अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

कुस्ती सुटलेल्या पैलवानाची मेहनत थांबते, खुराकाची सवय मात्र सुटत नाही, आणि पहाटे नेहमीच्या वेळी जाग आल्यावर आता करायचे काय, हा प्रश्न त्याला वाढत्या वजनापेक्षा अधिक छळतो. आपल्या तालमींनी वस्तादाची जागा राखली, हे मला फार मोलाचे वाटते, कारण अंग थकलेल्या मल्लाचे डावपेचांचे ज्ञान तिथे वाया जात नाही. परंतु एका तालमीत वस्ताद असून असून किती असणार? म्हणूनच खेळाडू ऐन उमेदीत असतानाच त्याच्या शिक्षणाची आणि उपजीविकेची तजवीज क्रीडासंघटनांनी करायला हवी; पदकावर मिळणाऱ्या सरकारी नोकरीवर भिस्त ठेवता येत नाही, कारण पदकाविना घरी परतणारेच कितीतरी अधिक असतात.