यंदा दोन्ही पौर्णिमा एकच

28 सप्टेंबर 2025, रविवार, शांघाय

रविवार असूनही आज ऑफिस होतं. राष्ट्रीय दिन आणि चोंगच्यू, म्हणजे चिनी आठव्या महिन्याची पौर्णिमा, यंदा लागून आल्यामुळे 1 तारखेपासून सलग आठ दिवस सुट्टी आहे. त्यातला एक दिवस आज भरून काढायचा. निघताना प्रत्येकाच्या हातात य्वेबिंगचा लाल डबा ठेवला. य्वे म्हणजे चंद्र, आणि बिंग म्हणजे गोल, चपटं असं पिठाचं काहीही. ज्याला सगळे मूनकेक म्हणतात तोच हा.

पहिल्या वर्षी असाच डबा मिळाला तेव्हा घरी येऊन मी अख्खा एक एकटीने खाल्ला होता. केक समजून. निम्म्यातच घशाशी आलं. पुढची दोन वर्षं डबे न उघडता वाटून टाकले. यंदा उघडला, कारण आई आली आहे आणि तिला बघायचा होता.

आईचे नवरात्राचे उपास चालू आहेत, म्हणून तिने फक्त हातात घेऊन पाहिला. पावणेदोनशे ग्रॅमचा जडशीळ गोळा, तांबूस, काठाला पाकळ्या, वर उठून आलेली अक्षरं. लाकडी साच्यात दाबून भरतात आणि साचा ओट्यावर आपटून पाडतात असं सांगितलं, तर म्हणाली, "मग मोदकासारखंच की." आत कमळाच्या बियांचं सारण. बियांमधला हिरवा कोंब कडू, तो आधी काढायचा. मग शिजवून, वाटून, साखर आणि तेल घालत कढईत आटेपर्यंत घोटायचं. "पुरणच हे. उलथनं उभं राहिलं की झालं." पण मधोमध खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा केशरी बलक असतो, तोच चंद्र. ते ऐकून तिने डबा अलगद मिटला.

मी मात्र तिच्यासमोरच पातळ फोड कापली. आधी गोड, मऊ, जिभेला चिकटणारं सारण, आणि मग बलकाचा रवाळ, तेलकट खारटपणा. ही जोडी मला पहिल्या वर्षी कळलीच नव्हती. आवरणाचं पीठ साखरेच्या पाकात आणि शेंगदाण्याच्या तेलात भिजवतात, त्यात थोडं क्षाराचं पाणी घालतात, आपल्या पापडखाराच्या जातीचं. भट्टीतून काढल्यावर ते कडक असतं. दोन-तीन दिवस ठेवलं की सारणातलं तेल बाहेर झिरपून मऊ होतं आणि चकाकी धरतं. ह्याला इथे ‘तेल परत येणं’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडला.

3 ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला, आईचे उपास सुटले. आज पश्चिम नानचिंग रस्त्यावरच्या गोंगदलिनला गेलो. 1922 सालापासून शाकाहारीच रांधणारं दुकान. इथे शाकाहार बौद्ध देवळांच्या पंगतीतून आलेला आहे, त्यामुळे अंडंही नाही आणि डुकराची चरबीही नाही. चरबीचा प्रश्न खरा आहे: बाहेरून निव्वळ गोड वाटणाऱ्या कितीतरी प्रकारांच्या आवरणात ती असते. शाकाहाराचं चिनी अक्षर आईने पहिल्याच आठवड्यात पाठ केलंय, तरी मी प्रत्येक वेळी विचारून घेते.

रांग मोठी होती. काळ्या तिळाचा, लाल चवळीचा आणि सुक्यामेव्याचा असे तीन घेतले. हे शांघायजवळच्या सूचौ शहराच्या पद्धतीचे, आणि खरं तर हीच आजची गोष्ट. वर पाकळी-नक्षी काही नाही, फिकट रंगाचा साधा गोळा, मध्ये लाल शिक्का. चावला की पापुद्रे. आईने एक पापुद्रा नखाने सोडवला, उजेडात धरला आणि म्हणाली, "साटा लावलाय ह्याला." अगदी बरोबर. दोन पिठं असतात, एक पाण्यात मळलेलं, एक नुसतं तेला-तुपात. एकात दुसरं गुंडाळून लाटायचं, घडी घालायची, परत लाटायचं. आपण चिरोटे तळतो, हे भाजतात, एवढाच फरक. शंभर वेळा दुकानावरून गेले असेन, पण मला हे कधी सुचलं नव्हतं. हाताला पीठ माहीत असलेल्या माणसाला एका पापुद्र्यात कळलं.

काळ्या तिळाचा तिला सर्वांत आवडला. लाल चवळीचा "बरा, पण वेलची हवी होती". इथल्या सारणांत वेलची-जायफळ नसतंच. वास येतो तो भाजलेल्या पदार्थाचा नाहीतर गुईहुआच्या फुलांचा.

येताना मी पूर्व नानचिंग रस्त्यावर खिम्याचा गरम य्वेबिंग खाल्ला. तोच पापुद्रा, पण आत डुकराचा खिमा आणि चावल्याबरोबर रस. तो तिथल्या तिथेच, हाताखाली कागद धरून खायचा. गार झाला की त्यात काही राहत नाही. आई दोन पावलं लांब उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "सावकाश खा, पोळेल."

ड्युरियनचे, चॉकलेटचे, न भाजलेल्या पांढऱ्या आवरणाचे थंडगार प्रकारही मांडलेले होते. ते लहान मुलांना खरंच आवडतात. मी एक चाखला, पण दुसरा घ्यावासा वाटला नाही.

6 ऑक्टोबर, सोमवार

आज चोंगच्यू, आणि आज कोजागरी. गेल्या वर्षी दोन्हींत महिन्याचं अंतर होतं. यंदा चिनी पंचांगात सहावा महिना दोनदा आला, म्हणून त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा आपल्या आश्विन पौर्णिमेवर येऊन बसली.

खालच्या मजल्यावरच्या आयींनी बोलावलं होतं. इथे मावशीच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात, आणि मी माझ्या आईला ‘आई’ म्हणते तेव्हा त्या दोघी एकदम वळून बघतात. आई मसाला दूध घेऊन आली होती, केशर आणि चारोळी घालून. आयींनी कप आधी नाकाशी धरला, बराच वेळ.

त्यांनी लोंगचिंग चहा ओतला आणि सुक्यामेव्याचा य्वेबिंग कापायला घेतला. अक्रोड, बदाम, तीळ, कलिंगडाच्या बिया. ह्याला ‘पाच गर’ म्हणतात आणि ऑफिसातली तरुण मुलं तो नको म्हणून डब्यात तसाच टाकून देतात. आयींनी आठ फोडी केल्या, लहान, बोटभर रुंद. एक फोड, दोन घोट कडवट चहा, गप्पा, मग वाटलं तर दुसरी. माणसं तिघीच होतो, तरी बाकीच्या फोडी त्यांनी मोजून वेगळ्या ठेवल्या: कॅनडातला मुलगा, सून, नात. गोल पदार्थ घरातल्या सगळ्यांसाठी कापायचा, घरी नसलेल्यांसाठीसुद्धा. उरलेल्या दोन फोडी त्यांनी आईपुढे सरकवल्या आणि खुणेने विचारलं, तुमच्या घरी कोण कोण आहे? आईने सांगलीतले बाबा आणि दादा दोन बोटांवर मोजून दाखवले.

तो य्वेबिंग मला आज सगळ्यांत जास्त आवडला. दाताखाली प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी येतं, कधी तीळ फुटतो, कधी अक्रोडाचा तुरटपणा, डिंकाच्या लाडवासारखं. तो सावकाशच खावा लागतो.

निघताना आयी म्हणाल्या, पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल होतो, उद्या परत या. मी मोबाइलवर पाहिलं, खरंच पौर्णिमा उद्या सकाळी पावणेबाराला पूर्ण होते आहे. आईने बाबांची आणि दादाची फोड वाटीखाली झाकून ठेवली आहे आणि उद्यासाठी अर्धा लिटर दूध आणायला सांगितलं आहे.